गॅस भरताना खाली उतरावे

"नाव काय गं तुझं?" काच अर्धी खाली करून त्याने विचारलं.

मी नाव सांगितलं.

"पुढं? आडनाव?"

आडनाव सांगितलं. तो शेजारी बसलेल्या बायकोकडे बघून हसला.

"तरीच," म्हणाला.

एवढा एकच शब्द. शिवी नाही, हात उगारलेला नाही. कुणाकडे तक्रार घेऊन जायचं म्हटलं तर काय सांगणार? साहेब, हा माणूस मला तरीच म्हणाला? पण ज्यांनी तो जन्मभर ऐकलाय त्यांना कळतं त्यात काय काय असतं. माझ्या बापाची वस्ती, आईची धुण्याभांड्याची घरं, आमची पायरी. सगळं आलं त्यात. माझं कपाळ तापलं. हातातली गॅसची नळी मी घट्ट धरून ठेवली, कारण दुसरं काही धरायला नव्हतं.

माझा गुन्हा काय? मी त्याला गाडीतून खाली उतरायला सांगितलं होतं.

कोल्हापूरच्या बाहेर हायवेला एक पंप आहे, तिथे मी गॅस भरते. एका बाजूला पेट्रोल, दुसऱ्या बाजूला सीएनजी. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक गाड्या दोन्हीवर चालतात. पेट्रोल भरताना लोक गाडीत बसून राहतात, कुणी काही म्हणत नाही. गॅसचं तसं नाही. गॅस प्रचंड दाबाने टाकीत जातो. टाकी डिकीत असते, म्हणजे मागच्या सीटवर बसलेल्या माणसाच्या पाठीशीच. म्हणून इंजिन बंद, आणि आतलं प्रत्येक माणूस बाहेर. कामाला लागले तेव्हा शिकवायला आलेल्या माणसाने आम्हाला एका फाटलेल्या टाकीचा फोटो दाखवला होता. गाडीची मागची बाजू नव्हतीच. तो म्हणाला होता, बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका. मी विसरले नव्हते.

तो मालकांचा मेव्हणा. पंपावर सगळे त्याला "पावणं" म्हणतात. त्या दिवशी रांग मोडून थेट पुढे आला. इंजिन चालू, एसी चालू, काचा वर.

"उतरा साहेब, गॅस भरताना उतरावं लागतंय," मी म्हणाले.

"पेट्रोल बी ह्याच झाकणातनं भरतोय की आम्ही. तवा कुठं उतरतो?"

खरं होतं ते. नव्या गाड्यांत पेट्रोलचं आणि गॅसचं तोंड एकाच झाकणाखाली असतं, शेजारी शेजारी. झाकण एक म्हणून धोकाही एकच, असा त्याचा हिशोब. मी समजावून सांगायला लागले. गॅसचा दाब, टाकी, इंजिन. तेव्हा त्याने माझं बोलणं मध्येच तोडलं.

"तू कोण गं सांगणारी? पाइप धरायला ठेवलंय न्हवं तुला? मग पाइप धर."

आणि मग नाव विचारलं. मग आडनाव.

तोवर मॅनेजर धावत आला. मला वाटलं, हा तरी सांगेल. नियमाचा बोर्ड त्यानेच लावून घेतलाय, "गॅस भरताना खाली उतरावे", लाल अक्षरांत.

"अगं मालकांचं पावणं हायत ते. भर गप. आणि सॉरी म्हण त्यास्नी."

मी भरला. होय, भरला. इंजिन चालू, माणसं आत, आणि मी नळी लावली. सहा महिन्यांनी कायम करतो असं सांगून मला घेतलं होतं आणि महिनाच राहिला होता. एवढंच डोक्यात होतं. मी सॉरी म्हणायला तोंड उघडलं आणि त्याने काच वर केली. माझा शब्द बाहेरच राहिला. आत बाईसाहेब मोबाइल बघत होत्या, त्यांनी एकदाही मान वर केली नाही.

गाडी गेली. मागे रिक्षा होती. आणि आता मी काय केलं ते ऐका, कारण लाज मला त्याची जास्त आहे.

मी रिक्षावर ओरडले. "उतरा की! दरवेळी सांगायचं काय? बोर्ड वाचता येत न्हाय?"

आत एक म्हातारी होती. गुडघ्याला पट्टी. कोल्हापुरात राजारामपुरीला डॉक्टरला दाखवून परत चालली होती. रिक्षावाल्याने हात दिला, ती दांडी धरून एक एक पाय खाली टाकत उतरली. टेकायला काही नव्हतं. उन्हात तशीच उभी राहिली, रिक्षेला धरून. मी म्हणाले, रिक्षेला हात लावू नका, बाजूला व्हा. ती बाजूला झाली. मग माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाली, "त्या मोटारीतली बाई बसलीवती की. तिला का न्हाय उतरिवलंस?"

मी खाली वाकून नळी रिक्षाला जोडली.

रिक्षावाला म्हणाला, "ऱ्हाऊ द्या मावशी. तिचं बी पोट हाय."

त्याने माझी बाजू घेतली. तेच मला झोंबलं. त्या "तरीच"पेक्षा जास्त झोंबलं. कारण मला दिसलं की मी काय करतेय. वरून आलेलं सगळं गिळायचं आणि खाली ओकायचं. नियम माझ्याकडे होता तो फक्त रिक्षासाठी होता. म्हातारीसाठी, मोटारसायकल विकून जुनी गाडी घेतलेल्या कारकुनासाठी, भाजीच्या टेम्पोसाठी. मोठ्या गाडीसमोर आला की नियम शेपूट घालायचा, आणि मी त्याच्याबरोबर.

आडनाव विचारायची तऱ्हा मला नवी नाही. राजारामपुरीतच खोली बघायला गेले होते, घरमालकीणबाईंनी चहासुद्धा टाकला. आडनाव ऐकलं आणि खोली आदल्याच दिवशी दिलेली निघाली. म्हणून मी अजून लांब कबनूरहून रोज एसटीने येते. तेव्हाही मी चहा पिऊन, कप विसळून ठेवून, निघून आले होते. कप का विसळला? कुणी सांगितलं होतं? आजही तो कप आठवला की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

दोन आठवड्यांनी पावणं परत आले. दुपारची वेळ, पंपाला गॅस आणणारी गाडी उशिरा आलेली, रांग हायवेपर्यंत. तो पुन्हा थेट पुढे. पुन्हा एसी, पुन्हा बाईसाहेब. झाकण आतूनच उघडलं आणि काचेतून बोटाने खूण केली, भर.

मी नळी हुकाला अडकवली.

"इंजिन बंद करा. दोघं बी उतरा. आणि मागं रांगेत या."

"परत तूच व्हय गं?"

"व्हय. मीच."

मॅनेजर आला. "भर," म्हणाला.

"भरणार न्हाय."

"मी सांगतोय, भर."

"माणसं आत हायत. इंजिन चालू हाय. मी भरणार न्हाय."

मॅनेजरने नळी स्वतः काढली. गाडीला जोडली. तेव्हा मी खांबावरचं लाल बटण दाबलं. गॅसची सगळी मशीनं एकदम बंद. नळीत एकदा फुस्स झालं आणि मग नुसती एसीची घरघर.

टाळ्या वगैरे पडल्या नाहीत. उलट रांगेतून एकजण खेकसला, "अगं भर की बाई, आमची भाडी चालल्यात!" रांगेतल्या रिक्षा गॅसवरच पळतात, पेट्रोल नावापुरतं थेंबभर असतं. ते कुठे जाणार? पावणं मात्र गेले. "गॅस गेला खड्ड्यात, माझी गाडी पेट्रोलवर बी पळतीया," असं म्हणून त्याने गाडी पलीकडे पेट्रोलला लावली. तिथे बसूनच टाकी भरून घेतली. शेवटपर्यंत उतरला नाही. मी जिंकले असं कुणी समजू नये.

मशीनं परत चालू झाली. मी रांग संपवली. मग मॅनेजरने ऑफिसात बोलावलं, कागद आणि पेन पुढे ठेवलं.

"माफीनामा लिही. माझ्याकडून ग्राहकाशी उद्धट वर्तन झाले. पुन्हा होणार नाही. लिहिलंस तर कायमचं बघतो, न्हाय तर तुझं तू बघ."

मी पेन घेतलं. लिहिलं, अमुक नंबरच्या गाडीतल्या माणसाने इंजिन चालू ठेवून, आत बसून गॅस मागितला. मी दिला नाही. मॅनेजरने स्वतः नळी लावली म्हणून मी मशीन बंद केलं. याआधी एकदा मी याच गाडीला असाच गॅस भरला होता, ती माझी चूक होती. खाली सही केली, कागदाचा फोटो मोबाइलवर काढला आणि कागद त्याच्याकडे सरकवला.

तो वाचत गेला, तसा त्याचा चेहरा उतरला. "हे मालकास्नी दावू व्हय मी?"

"दावा."

उद्या सकाळी सहाची पाळी माझी आहे. मी जाणार आहे. काढायचं असेल तर काढा, पण काय केलं म्हणून काढलं ते लेखी द्या, नुसतं उद्धट लिहून भागवू नका. आणि नळी माझ्या हातात आहे तोवर माणसं आत बसलेल्या गाडीला गॅस मिळणार नाही. गोड बोलून नाही, नोकरीचा धाक दाखवून नाही, मालक स्वतः आला तरी नाही.