टाकीच्या तोंडाशी

देवयानी इंदूरच्या राजेंद्र नगर भागातली. केमिकल इंजिनीअर झाल्यापासून खाद्यतेलाचे कारखाने उभे करण्यातच तिची उमेदीची वर्षं गेली. नकाशावरच्या टाक्या, पाइप, पंप जमिनीवर आणायचे, प्लांट चालू करून द्यायचा आणि पुढची साइट गाठायची. प्रत्येक साइटवर पाइप जोडायला टोळी असायची ती परदेशीपुऱ्यातल्या धनेशची. "मॅडमजी, टेन्शन नको, हो जाएगा," हे त्याचं पालुपद, आणि काम खरंच होऊन जायचं. त्याचा मेहुणा विजयही त्याच टोळीत होता.

इंदूरबाहेरच्या नव्या प्लांटमध्ये, तेल हवेनं खराब होऊ नये म्हणून रिकाम्या टाकीत नायट्रोजन भरून चाचणी झाली होती. टाकीतला नायट्रोजन बाहेर काढून आतली हवा तपासल्याशिवाय कुणी डोकवायचंसुद्धा नाही, हे धनेशच नव्या लोकांना बजावायचा. त्या दुपारी वरचं झाकण काढताना ते घट्ट बसवणारं रबरी गॅस्केट आत अडकलं. एवढंसं काम म्हणून तो हात घालून वाकला. नायट्रोजनला ना वास, ना रंग, आणि आत श्वासापुरताही प्राणवायू नव्हता. दोन श्वास घेतले असतील-नसतील, तो आत कोसळला.

आरडाओरडा ऐकून देवयानी शिडी चढून वर आली, तेव्हा विजयनं एक पाय आत टाकला होता. तिनं मागून त्याच्या कमरेचा पट्टा पकडला.

"सोडा मला! जिजाजी आत आहेत!"

"तू पण जाशील, विजय! हवेचा सिलिंडर येतोय, थांब!"

तो तिला लाथा मारत होता, शिव्या देत होता. तिनं कठड्याला पाय रोवले आणि सोडलं नाही. सिलिंडर दुसऱ्या इमारतीतून यायचा होता. टाकीच्या तोंडातून धनेशचा निळा शर्ट दिसत होता. हलत नव्हता.

मास्क लावलेल्या माणसानं त्याला वर काढलं, तेव्हा उशीर झाला होता.

चौकशीत सगळे म्हणाले, मॅडम होत्या म्हणून दुसरा जीव वाचला. देवयानीला ते ऐकवेना. तेरावं झाल्यावर ती परदेशीपुऱ्यात गेली. धनेशची बायको विनीता दारातच बसली होती. विजय आतून आला, देवयानीला पाहिलं आणि चपला घालून बाहेर निघून गेला.

"त्यांना त्रास झाला का हो?" विनीतानं विचारलं.

"नाही. कळलंसुद्धा नसेल त्यांना."

विनीतानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "माझा भाऊ तुम्ही वाचवलात, ताई. जाणते मी. पण तुम्ही समोर आलात की वाटतं, याच हातांनी मदत अडवली. गलत आहे, पता है मला. पण तुम्ही येऊ नका."

देवयानीनं मान डोलावली. ती गाडीकडे वळली.

प्लांट चालू झाला. उद्‌घाटनाला ती गेली नाही. पुढच्या साइटवर टोळी आली तेव्हा मुकादम म्हणून विजय उभा होता. घर चालवायला काम तर हवंच होतं. अजूनही तो तिच्या हाताखाली आहे. काम चोख करतो. "मॅडम, लाइन तयार आहे," एवढं सांगतो आणि तिच्या हातांकडे न बघता वळून जातो.