एका क्रियापदापायी चुकलेलं जहाज

सेसू गेल्याचा फोन आला तेव्हा मी मटार सोलत होते. तिची मुलगी आयव्ही म्हणाली, "मावशी, मम्मी गेली," आणि मी विचारलं, "कुठे?" मग ती बिचारी मलाच धीर देऊ लागली, जशी काही आई माझी गेली होती. सेसूने हे ऐकलं असतं तर पोट धरून हसली असती. "बी.ए. झालीस ना गो, मग एवढं पन कलत नाय?" हे वाक्य तिने मला साठ वर्षं ऐकवलं आणि दर वेळी ते मला लागू पडलं. त्या फोनला आता पाच आठवडे झाले. मटार त्या दिवशी तसेच राहिले.

सेसिलिया हे तिचं बाप्तिस्म्याचं नाव, पण मरोळच्या गावठाणात तिला सगळे सेसूच म्हणायचे. पन्नास सालानंतरच्या त्या सुरुवातीच्या वर्षांत आम्ही नवराबायको तिच्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत भाड्याने राहायला गेलो. मागे भाताची शेतं, कडेला ताडाची झाडं, आणि अंधेरी स्टेशनावरून येणाऱ्या बसचा काही भरवसा नाही. हे सकाळी फोर्टातल्या कचेरीत जायचे, ते दिवेलागणीला उगवायचे. मी बावीस वर्षांची, संस्कृत घेऊन बी.ए. झालेली, नाक असं वर की शेजारच्या सुक्या मासळीचा वास मला सगळ्यांच्या आधी यायचा. सेसू माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. भात लावायची, कोंबड्या राखायची आणि नवऱ्याची वाट बघायची. नवरा, बस्त्याव, इंग्रजी मालवाहू जहाजावर स्वयंपाकी होता. वर्षातले दहा महिने दर्यावर.

तिसऱ्या की चौथ्या महिन्यात पोस्टमन आला आणि सेसू पडवीत एक पत्र घेऊन उभी दिसली. मराठी पत्र, पण इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं. पाद्रींच्या शाळेत बस्त्याव तसंच लिहायला शिकला होता. मी पुढे झाले, तिच्या हातातून कागद घेतला आणि म्हणाले, "द्या, मी वाचून दाखवते." सेसूने माझ्याकडे एकदा बघितलं. मग पदराला हात पुसून पाटावर बसली, म्हणाली, "वाच." तेव्हापासून तो रिवाजच पडला. पत्र आलं की ती माझ्याकडे घेऊन यायची, मी वाचायची, ती सांगेल ते उत्तर मीच लिहायची. पाकीट दर वेळी आधीच फोडलेलं असायचं. ते कोण फोडतं, हे मी एकदाही विचारलं नाही. खालच्या आवाजात, पण नीट शब्द लावून वाचायची मी, शाळेत मुलांना वाचून दाखवावं तसं. आठवलं की आजही कानशिलं तापतात.

त्याच सुमारास अंधेरीच्या एका भगिनी मंडळाने निबंधस्पर्धा जाहीर केली. बाकीच्या बायका 'आदर्श गृहिणी' लिहिणार हे ठरलेलंच. मी म्हटलं, आपण जगाच्या भाषा घ्यायच्या. एकच क्रियापद, रोजच्या वापरातलं, ते कुठल्या भाषेत काय आहे आणि कुठून आलं! क्रियापद निवडायला डोकं चालवावं लागलं नाही, ते समोर पाटावरच बसलेलं होतं. 'वाट बघणे'. आपण मराठी माणसं वाट बघतो, म्हणजे रस्त्याकडे बघतो. गुजराती शेजारीणही रस्त्याकडेच बघते. 'इंतजार'मधली अरबी 'नजर' मला लगेच ओळखू आली. पण पुढे? पुढे माझ्याकडे जगभर फिरणारा एक माणूस होता, तोही फुकट. सेसूच्या पत्राखाली मी माझी पुरवणी जोडू लागले: 'प्रत्येक बंदरात विचारा. नुसता शब्द नको, त्याचं मूळ हवं. हमालाला विचारू नका, मास्तर किंवा पाद्री गाठा.'

आणि बस्त्याव खरंच विचारू लागला. त्याचा गोव्याचा सोबती म्हणाला, आम्ही 'राकतो'. मी उडीच मारली, कारण ते थेट संस्कृतातलं 'रक्ष्', राखण करणं! मंगळूरकडचा एक खलाशी कानडी 'काय' म्हणाला, त्याचाही अर्थ राखणं. पोर्तुगीज अंमलाखालच्या आफ्रिकेतल्या एका बंदरातून आलं 'एस्पेरार': तिथे वाट बघणं आणि आशा करणं याला एकच शब्द. इंग्रजी 'वेट'चं मूळ मी वाचनालयातल्या जाड कोशात शोधलं, तर ते निघालं पहारा करण्यात, जागं राहण्यात. मी सेसूला हे सगळं मोठ्या उत्साहाने सांगायची. कुणी बघतो, कुणी राखतो, कुणी जागतो, बघ किती गंमत आहे! सेसू कोंबड्यांना दाणे टाकता टाकता म्हणायची, "आमी तर सगलंच करताव."

मग पत्रं थांबली. एक महिना, दीड महिना. सेसू दुपारी चार वेळा पडवीत यायची आणि मी आतून ओरडायची, "आलं का गं फ्रेंच?" अहो, खरंच असं ओरडायची मी! तिचा नवरा फ्रान्समधल्या मार्सेयला गेलेला, आणि मला चिंता निबंधाच्या मुदतीची. ती म्हणायची, "नाय आलं," आणि आत जायची. तिच्या डोळ्यांखाली काळं दिसू लागलं होतं, ते मला उन्हाचं वाटलं.

शेवटी जहाजाच्या एजंटाच्या कचेरीतून माणूस आला. म्हणाला, मार्सेय बंदरात बस्त्याव जहाज सोडून उतरला तो परतलाच नाही. पळाला असं समजण्यात येत आहे. चौकशी चालू आहे. 'पळाला' हा शेरा खलाशाच्या नोंदपुस्तकात एकदा पडला की पुन्हा कुठलंही जहाज त्याला घेत नाही, हेही तो जाता जाता सांगून गेला. गावठाणात दोन तासांत बातमी पसरली. कुणी म्हणालं गोरी मडम केली असेल, कुणी म्हणालं समुद्रात पडला असेल आणि कंपनी लपवत असेल. सेसूने घर दोनदा सारवलं. माझ्या पोटात मात्र कसलीतरी बारीक कळ सुरू झाली. तो बंदरात उतरला कशासाठी असेल?... मी ती कळ मटकीच्या उसळीवर ढकलली.

बारा दिवसांनी पत्र आलं. सेसूने ते माझ्या हातात दिलं आणि पाटावर बसली. आता जे सांगते ते मी यांनाही कित्येक वर्षं सांगितलं नव्हतं. पत्र उघडल्यावर माझी नजर आधी त्या शब्दावर गेली. 'आतांद्र', फ्रेंचांचं वाट बघणं. तिथल्या एका पाद्र्याने कपाटातून जुनं पुस्तक काढून दाखवलं होतं: मूळ लॅटिन, अर्थ ताणणे, एखाद्या गोष्टीच्या दिशेने ताणलं जाणं. आणि ते लॅटिन आपल्या 'तन्'चं, आपल्या 'ताणणे'चं सख्खं भावंड! मला हर्ष झाला. समोर ती बाई बसलेली, जिचा नवरा जिवंत आहे की नाही तिला माहीत नाही, आणि मला हर्ष झाला... चांगला दोन-तीन श्वास टिकला तो हर्ष. मग मी बाकीचं वाचलं.

बस्त्यावने लिहिलं होतं की तो सुखरूप आहे, खलाशांच्या एका धर्मशाळेत राहतो आहे. 'भाडेकरूबायनी पाद्री गाठायला सांगितला म्हणून टेकडीवरच्या देवळात गेलो. पाद्री भला माणूस, त्याने जेवायला बसवलं. जहाज सांजचं निघायचं होतं ते दुपारीच निघालं. इथे कुणाचा विश्वास बसत नाही. बायना सांग, कचेरीत इंग्रजीत लिहून द्या की मी तुमच्या कामासाठी गेलो होतो. लवकर द्या.'

मी वाचून दाखवलं: तो सुखरूप आहे, देवळात प्रार्थनेला गेला होता, जहाज चुकलं, काळजी करू नकोस. बस. मधल्या ओळी मी गिळल्या. का? भीती. घरातून काढतील, गावठाण थुंकेल, हे काय म्हणतील, मंडळातल्या बायका हसतील. बावीस वर्षांच्या त्या विदुषीला एवढंच सुचलं. सेसूने डोळे पुसले, क्रूसाची खूण केली, आणि म्हणाली, "परत वाच."

मी परत वाचलं. दुसऱ्या दिवशी मी भांडी घासत होते तर ही पत्र घेऊन हजर. "परत वाच." आता माझी पंचाईत अशी की खोटं वाक्य नेमकं कसं रचलं होतं ते मला आठवेना. आधी मी 'प्रार्थनेला' म्हटलं होतं, या वेळी 'नवस फेडायला' म्हणून गेले. सेसू म्हणाली, "काल प्रार्थना व्हती." मी म्हटलं, "तेच गं, नवसाची प्रार्थना." "असं?" म्हणाली आणि उठून गेली. त्या दोन दिवसांत मला जेवण जाईना. प्रत्येक तास तिकडे त्याचं नाव कागदावर काळं होत असणार, आणि इथे मी ते पुसू शकणारी एकटी बाई, आमटीला फोडणी देत बसलेली. हे विचारत, "बरं नाही का?" मी म्हणे, पित्त.

तिसऱ्या दिवशी ती मसाल्याच्या मिरच्या भाजत होती. सगळं घर खोकत होतं. तिने मिरच्यांच्या धुरातच मला बोलावलं, पत्र पुढे केलं. "परत वाच." मी पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली आणि मग मला पुढे ढकलताच येईना. रडू फुटलं आणि पत्रात जे लिहिलं होतं ते सगळं मी वाचलं, शब्दन् शब्द, 'भाडेकरूबाय'सकट. सेसूने तवा खाली उतरवला.

"आता बरोबर वाचलंस," ती म्हणाली.

"तुला... तुला वाचता येतं?"

"देवलातलं मिस्सेचं पुस्तक काय कोंबड्या वाचतान?"

"मग कधी बोलली नाहीस ती!"

"तू कवा इचारलंस? आलीस, हातातलं पत्र घेतलंस, वाचाय लागलीस. मना वाटलं, हौस हाय पोरीला, वाचूंदे. तुझ्या तोंडून त्याचं बरं पन वाटायचं." मग तोंड धुऊन ती उभी राहिली. "ऊठ. नाक पूस. मना लिवाय येत नाय इंग्रजी, तुना येतं. चल कचेरीत."

त्याच दुपारी आम्ही एजंटाच्या कचेरीत गेलो. मी लिहून दिलं, सही केली. टेबलामागच्या कारकुनाने दोनदा वाचलं, मग शेजाऱ्याला दाखवलं आणि दोघे हसले. "बाई, एका शब्दासाठी?" कागद मात्र त्याने घेतला. 'पळाला' खोडून 'मागे राहिला' करायला पुढे कळवतो म्हणाला, आणि कंपनीने बस्त्यावला पुढच्या जहाजाने परत आणलंही. पण त्याच्या पुस्तकातला शेरा तसाच राहिला. कारकून म्हणाला होता, "नोंद परवाच गेली हो. परवा आला असतात तर..." त्या 'परवा'शी मी आयुष्यभर राहिले आहे.

बस्त्याव धक्क्यावर उतरला तो निम्मा झालेला. सेसूच्या खांद्यावर हात ठेवून रडला, मग मला बघून त्याचा चेहरा उजळला. "बाय, शब्द भेटला ना तुमाला?" मला जमीन गिळेल तर बरं असं झालं. सेसूच म्हणाली, "भेटला, भेटला. आता निबंध पुरा नाय केला तर बगा." आणि तिने तो खरंच माझ्याकडून पुरा करून घेतला, मुदत टळून गेल्यावर. वाचला कुणी? तिने. पडवीत बसून, चष्म्याशिवाय, आणि दोन चुका काढल्या.

बस्त्यावला पुन्हा जहाज मिळालं नाही. विक्रोळीच्या एका कारखान्याच्या उपाहारगृहात तो लागला आणि तिथूनच म्हाताऱ्या वयात निवृत्त झाला. रोज संध्याकाळी घरी. मी आमची दोन खोल्यांची जागा सोडून पार्ल्याला गेले तरी येणंजाणं राहिलं, पण तो दर्याकडे तोंड करून बसलेला दिसला की माझ्या पोटात तीच बारीक कळ यायची. तो गेला तेव्हाही आली. यंदा, सेसूच्या शेवटच्या आजारात, मी तिच्या पलंगाशी बसून शेवटी विचारलं. ते तीन दिवस. माझ्यामुळे त्याचा दर्या गेला, तुला राग नाही आला?

"आला ना. सा महिने व्हता. तुना कलालं नाय, तू पुस्तक वाचीत व्हतीस." मग थोडा वेळ दम घेतला. "पन तीन दिस मी पन गपच व्हते ना? पयल्या दिसालाच सांगितलं असतं तर? ...एकटीचं समजू नको. मना तो घरी पायजे व्हता."

साठ वर्षं मी जे एकटीने उचलत होते त्याचा अर्धा भाग तिने असा सहज स्वतःकडे ओढून घेतला आणि पाणी मागितलं. हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. उलट, तिने इतकी वर्षं हे कसं वागवलं असेल या काळजीने मी घरी येईपर्यंत, तिच्याकडे परत फिरावं म्हणून, दोन वेळा रिक्षा थांबवली.

एक सवय मात्र तिला त्या मिरच्यांच्या धुरापासून लागली ती सुटली नाही. मी काहीही सांगितलं, मुलीचं लग्न ठरल्याचं, जावेशी झालेलं भांडण, यांच्या तपासण्यांचा निकाल, की ती सगळं शेवटपर्यंत ऐकायची आणि म्हणायची, "आता परत सांग." दुसऱ्यांदा सांगताना मी काय गाळलं होतं ते आपोआप बाहेर यायचं. मी चिडायची, फोन आपटायची. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तिलाच सांगायची.

गेल्या आठवड्यात मी माझ्या हृदयाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. सूनबाईने विचारलं, काय म्हणाले? मी म्हटलं, सगळं ठीक आहे, गोळ्या त्याच. ती "बरं झालं आई" म्हणाली आणि कुकर लावायला गेली. मी खुर्चीत बसून राहिले, बराच वेळ. पुढचं 'आता परत सांग' कुणी म्हणेना...

सूनबाई, तू पेपरची ही पुरवणी रविवारी शेवटच्या पानापर्यंत वाचतेस, म्हणून इथेच लिहिते. डॉक्टर आणखी एक गोष्ट म्हणाले होते. चहा ठेव, परत सांगते.