खाऱ्या वाऱ्याचा आडोसा

मुलांनो, परवा मी किनाऱ्याकिनाऱ्याने फिरून आले. आधी रिक्षा, मग खाडी ओलांडायला फेरीबोट, आणि पलीकडे पायी. बोटीवर सगळे कठड्याशी उभे राहून समुद्राचे फोटो काढत होते. एक बाई मात्र समुद्राकडे पाठ करून बाकावर बसली होती. मांडीवरच्या पिशवीत सोनचाफ्याचं रोप होतं, आणि त्यावर तिने पदर धरला होता.

"समुद्र बघत नाही तुम्ही?" मी विचारलं.

"जन्मभर बघतेय हो. ह्याला खारा वारा लागला की पानं करपतात. पलीकडे लेकीकडे नेतेय. आधीची दोन तिच्या अंगणात जळली."

"आणि हेही जळलं तर?"

"तर चौथं घेऊन येईन!" ती हसली. "जगलं, तर फूल बघायला येईन. जावई काय बोलणार?"

नुसतं भेटायला जाणं आईलाही अवघड वाटतं. हातात काहीतरी असलं की पाऊल धीटपणे पडतं. तुमच्याकडे परदेशात यायचं तर विमान, आणि विमानात रोप नेता येत नाही.

खाडीच्या मध्यावर वारा वाढला आणि तिचा पदर फडफडू लागला. मीही तिच्याशेजारी समुद्राकडे पाठ करून बसले.

धक्क्यावर उतरल्यावर ती पायऱ्यांच्या पाखाडीने वर गेली. पानं हिरवीगार होती.

म्हणून या वेळी तुम्हाला समुद्राचा फोटो नाही.