रंगाखालची चीर

‘खलाशाच्या निष्काळजीपणामुळे.’ हे शब्द माझ्या अक्षरातले आहेत. मजकूर उपअभियंता साहेबांचा, अक्षर माझं. सिन्नरच्या शाळेत फळ्यावर रोजचा सुविचार लिहायचं काम माझ्याकडे असायचं, ते या अक्षरामुळेच. आई विड्या वळायची. तिला वाचता येत नव्हतं, तरी माझी वही उघडून ती नुसती बघत बसायची. गुरुजींनी घडवलेल्या आणि आईने कौतुक केलेल्या त्या अक्षरात मी एका निरपराध माणसाची नोकरी घालवायला निघालो होतो. इतकी वर्षं झाली, पण त्या दुपारचा राग अजून जात नाही. साहेबांवरचा जात नाही आणि माझ्यावरचाही जात नाही.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. इंजिनिअरिंगची पदवी घेऊन मी नाशिकजवळच्या एका धरणावर, सरकारी यांत्रिकी वर्कशॉपमध्ये नुकताच रुजू झालो होतो. आमच्या सगळ्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिलाच. खुर्ची, टेबल, टेबलावर पेनस्टँड. सरकारचे उपकार मानून मी सकाळी सगळ्यांच्या आधी हजर व्हायचो.

वर्कशॉपच्या ताब्यात एक मोटारबोट होती. धरणाच्या भिंतीची पाण्याच्या बाजूने पाहणी करायला आणि नदीला पूर आला तर शहरात न्यायला. ती वाहून न्यायला दोन चाकांचा ट्रेलर होता, आमच्याच वर्कशॉपने बनवलेला. त्याच्या पुढच्या दांड्यावर छातीएवढ्या उंचीचा लोखंडी खांब आणि खांबावर हाताने फिरवायची चरखी, म्हणजे विंच. उतारावरून ट्रेलर पाण्यात मागे सोडायचा, विंचचा तारेचा दोर बोटीच्या नाकाला अडकवायचा आणि विंचचा दांडा फिरवून बोट वर ओढून घ्यायची. दांडा उलटा फिरू नये म्हणून त्याला खटका होता. बोटीचा सगळा भार त्या एका खांबावर यायचा.

विंच फिरवायचे खलाशी मामा. पेठच्या बाजूच्या डोंगरातले, पन्नाशी उलटलेले. धरणाचा पाया खोदला तेव्हा ते मजूर म्हणून आले, बरीच वर्षं हजेरीपटावर काढली आणि मग कायम झाले. त्यांना सगळेच मामा म्हणत.

रुजू झाल्यावर महिन्याभरातच त्यांनी मला गाठलं.

“सायेब, खांब हालतोय.”

“किती?”

“लय नाय. पन हालतोय. हात लावा ना.”

मी हात लावला. मला काही जाणवलं नाही. ते हसले. “तुमचा हात पेनाचा हाय. बोट वढताना लावा, मंग कळंल.”

पुढच्या वेळी बोट ओढताना लावला, आणि खरंच, दोराला ताण आला की खांब मागे झुकत होता आणि त्याच्या पायाची पुढची कड अगदी किंचित उचलत होती. खांबाखाली पातळ पत्र्याची तळपट्टी, ती ट्रेलरच्या दांड्याला वेल्ड केलेली. ना कुठे तिरका आधार, ना कोपऱ्यात त्रिकोणी पट्ट्या. कॉलेजमध्ये शिकलेलं मला तेव्हा डोळ्यांसमोर दिसत होतं. मी अर्ध्या तासात आकृती काढली आणि टिपण करून वर पाठवलं.

टिपण परत आलं. समासात साहेबांची लाल शाई : ‘मंजूर नकाशाप्रमाणे आहे. बदल नको.’ नकाशा कोणी काढला होता ते मला नंतर कळलं. साहेबांनीच काढला होता.

मी पुन्हा टिपण पाठवलं नाही. तिथे माझी पहिली चूक झाली.

दुसरी खंडेनवमीला. त्या दिवशी आमच्या वर्कशॉपमध्ये प्रत्येक यंत्राची पूजा असायची. लेथ, ड्रिल, जीप, रोलर, ट्रेलर, सगळ्यांना झेंडूची माळ, हळदकुंकू, समोर नारळ. आणि त्याआधी दोन दिवस रंगकाम. स्टोअरमध्ये ज्या रंगाचे डबे शिल्लक असतील तो रंग. ट्रेलर एका वर्षी हिरवा, एका वर्षी निळा, आमच्या वर्षी करडा. साहेब पूजेला यायचे, सगळं चकचकीत दिसायला हवं.

करडा रंग देताना रंगारी खांबाच्या पायाशी थांबला. “साहेब, इथं गंजाची रेघ आलीय. जुन्या रंगातून वर आलीय.”

खांबाच्या पायाच्या पुढच्या कडेला तपकिरी रेघ होती, दोन बोटं लांब. मी पाहिली आणि म्हणालो, “घासून दोन हात मारा. उद्या पूजा आहे.”

मामा बाजूला माळा ओवत होते. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं फक्त.

पुढच्या श्रावणात धरणाची पाहणी झाली. बोट परत काढत असताना, ती अर्धी पाण्याबाहेर आली आणि खांब मुळासकट उखडला. बोट मागे घसरली, काठाच्या दगडी अस्तरावर आपटली, तिचा तळ फुटला. उखडलेल्या खांबासकट विंचचा दांडा मामांच्या उजव्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला होता.

मामांना दवाखान्यात नेलं आणि तासाभरात साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. “लिहा,” म्हणाले. “खलाशाने विंचचा खटका नीट बसवला नाही. खलाशाच्या निष्काळजीपणामुळे खटका सुटून दोराला हिसका बसला आणि खांब तुटला.”

“साहेब, खटका बसलेला होता. मी तिथेच होतो.”

“तुमचं प्रोबेशन कधी संपतंय हो?”

मी लिहिलं. सुवाच्य, शिरोरेघा सरळ.

मामा निलंबित झाले. हाताला प्लॅस्टर बांधून ते रोज सकाळी आठ वाजता वर्कशॉपच्या फाटकाबाहेर लिंबाखाली बसायचे. आत यायची बंदी होती. त्यांना म्हणे सवय मोडत नव्हती. शिपाई चहा घेऊन जायचा तर म्हणायचे, “ठिव. सायेबलोकांचा झाला का आधी?” नोकरी गेली असती तर पेन्शनही गेलं असतं. गावाकडे त्यांना बैल बांधायलाही जमीन नव्हती. आणि ज्या उजव्या हाताने जगायचं, तो हात आमच्या खांबाने मोडला होता.

मी फाटकातून आत जाताना ते उठून उभे राहायचे. एकदा म्हणाले, “बसा म्हनू नका सायेब, मी काय पाव्हना हाय का. येक सांगा, कागदात काय लिवलंय?” मी न थांबता आत गेलो. कागद माझाच होता.

त्याच दिवशी मी भंगाराच्या ढिगात गेलो. खांब तिथे टाकला होता, उद्या-परवा लिलावात गेला असता. त्याचा पाय उलटा करून पाहिला. तुटलेल्या कडेचा काही भाग चकचकीत होता, म्हणजे त्या दिवशी ताजा तुटलेला. पण पुढच्या बाजूचा अर्ध्याहून जास्त भाग गंजलेला होता, आणि त्या गंजावर रंग होता. चिरेच्या आत झिरपलेला रंग. खाली हिरवा, त्यावर निळा, त्यावर करडा. म्हणजे तीन खंडेनवम्या ती चीर तिथे होती आणि दर वर्षी आम्ही तिच्यावर रंग चढवून तिला हळदकुंकू वाहिलं होतं. शेवटचा करडा थर माझ्या हुकमाचा.

चौकशीला दुसऱ्या मंडळातले एक वयस्कर अभियंता आले होते. मी तो खांब पोत्यात गुंडाळून त्यांच्या टेबलावर ठेवला. टेबलावरच्या काचेला तडा गेला. साहेब उसळले, “हे काय चाललंय? हा भंगारवाल्यांचा बाजार आहे का?”

“साहेब, हे रंग बघा,” मी चौकशी अधिकाऱ्यांना म्हणालो. “आणि हा करडा मी मारायला लावला. तेही लिहून घ्या. पहिला अहवालही माझ्या हातचा आहे. तो खोटा आहे. खटका बसलेला होता.”

साहेब हसले. “पदवीधर झाले की लगेच खलाशांचे वकील होतात हे.”

मी खांब त्यांच्याकडे वळवला. “तो खलाशी अडाणी आहे साहेब. पण त्याला तळहाताने कळलं ते आपल्याला नकाशावर कळलं नाही.”

वयस्कर अभियंत्यांनी खिशातून चाकू काढला, चिरेच्या आतला रंग खरवडला, कागदावर तिन्ही रंगांचा भुगा वेगवेगळा ठेवला. मग त्यांनी विचारलं, “खंडेनवमीला काय काय रंगवता तुम्ही?”

मामांना परत घेतलं. अहवालात लिहिलं होतं : ‘दोष धातूच्या थकव्याचा,’ म्हणजे ताण सोसून सोसून तो चिरल्याचा. ‘बदल नको’ म्हणणाऱ्या लाल शाईचा त्यात उल्लेखही नव्हता. साहेबांची यथावकाश बढती झाली. मला ताकीद मिळाली, ती मला योग्य वाटली. मामांची क्षमा मात्र कोणी मागितली नाही. फाटकाबाहेरचे ते चार महिने कुठल्याच कागदात नाहीत.

मी तो अहवाल त्यांना लिंबाखाली बसूनच वाचून दाखवला. त्यांनी शेवटचं वाक्य पुन्हा वाचायला लावलं.

“धातूला लावला व्हय दोष? बरं झालं. त्याला काय बायकापोरं नाय.”

मग मी म्हणालो, “मामा, त्या पहिल्या कागदावर माझं अक्षर होतं.”

“ठाव हाय,” ते म्हणाले. “शिपायानं सांगितलं तवाच. चला, नवा खांब कुठवर आलाय?”

नवा खांब आम्ही दोघांनी मिळून बसवला. दांड्याचा चिरलेला भाग कापून नवा लोखंडी चॅनेल जोडला. खांबाखाली जाड पट्टी, दांड्याच्या खालून तेवढीच दुसरी, आणि दोन्ही यू-बोल्टने आवळल्या, म्हणजे दांड्याला भोक नाही. दोन्ही बाजूंना त्रिकोणी पट्ट्या, आणि खांबाच्या निम्म्यापासून पुढे दांड्यापर्यंत तिरका अँगल. मामांचं मनगट वाकडं जुळलं होतं, पाना डाव्या हाताने फिरवायचे. बोट चढवली, दोर ताणला, त्यांनी खांबावर तळहात ठेवला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो.

“झोपलाय. जरा बी हालत नाय,” ते म्हणाले.

पुढच्या खंडेनवमीला रंगारी लाल डबा घेऊन ट्रेलरपाशी आला. मामा खांबाच्या पायाशी उकिडवे बसले होते. वीतभर जागेवर त्यांनी नुसतं तेल लावलं होतं, उघडं लोखंड दिसत होतं.

“इथं रंग नाय,” ते म्हणाले. रंगाऱ्याने माझ्याकडे पाहिलं.

“मामा सांगतात तसं,” मी म्हणालो.

नवे साहेब पूजेला आले. एवढ्या लाल रंगात ती उघडी वीत त्यांच्या डोळ्यांत खुपली. त्यांनी कारण विचारलं. मी सांगू लागलो तेव्हा मामा माळ घेऊन पुढे आले आणि ती त्यांनी खांबाच्या वरच्या टोकाला घातली, पाय झाकू दिला नाही.