फांदी बांधून घाट उतरणारे दादा

"सरका हो सरका! जीव प्यारा असंल तं बाजूले व्हा! माह्यापाशी बिरेक नाही!"

राजूरच्या घाटात ही आरोळी उठली की नवखा माणूस जीव मुठीत धरून रस्त्याकडेच्या खळग्यात उडी घ्यायचा. बऱ्याच वेळानं काहीच आलं नाही म्हणून डोकं वर काढायचा, तर वळणावरून एक सायकल येताना दिसायची. येताना म्हणजे अशी, की मागची गाभण म्हैस तिला ओलांडून पुढे जावी. सायकलवर आमच्या कचेरीतले बेलीफ, आणि सायकलमागे दोरीनं बांधलेली निंबाची भलीमोठी फांदी, खरड खरड करत घाट उतरणारी.

मध्यप्रांत आणि वऱ्हाड एका सरकारात होते तेव्हाची ही गोष्ट. बुलढाण्याच्या कचेरीत मी नकला उतरवणारा कारकून होतो. हे बेलीफ घाटाखालच्या गावांना समन्स पोचवत. सगळे त्यांना दादा म्हणत, मीही म्हणे. त्यांच्या सायकलीच्या ब्रेकचे रबर झिजून गेले होते, आणि लढाईच्या दिवसांत नवे रबर मागायला गेलं की दुकानदार आधी हसून घेई. म्हणून घाटमाथ्यावर दादा खाली उतरत, कमरेचा कोयता काढून फांदी तोडत आणि ती सीटखाली बांधत. फांदी रस्त्याला घासली की सायकल आवरते. पण दादांना आवरणं कधी पुरेसं वाटलंच नाही. ते फांदी अशी तोडत की झाड बोडकं व्हावं. एकदा तिच्यात कावळ्याचं घरटं होतं. कावळीण पायथ्यापर्यंत अंडी उबवत आली. आपण गाव बदललं हे तिला कळलंसुद्धा नाही.

घाटातल्या शेळ्यांना दादांची वेळ पाठ होती. त्या फांदीमागे रांगेनं चालत पाला खात यायच्या. पाला संपत आला की सायकल जरा मोकळी सुटे, आणि दादांना कंठ फुटायचा, "अबे, हाकला रे ह्या बकऱ्याइले! माहा बिरेक खाऊन राह्यल्या!"

फांदीमुळे धुराळा असा उठे, की घाटाखालच्या पाटलांना वाटे साहेबाची मोटार आली. ते फेटा बांधून, हार घेऊन रस्त्यावर उभे राहत. धुराळा बसला की आतून दादा निघत. "हार राहू द्या पाटील," ते म्हणत, "हे समन्स घ्या."

आता तुम्ही म्हणाल, उतारावर सायकल मिळाली आणि माणूस असा सरपटतो? आम्हालाही तेच वाटे. कचेरीसमोरच्या हॉटेलात आमचा एकच वाद चालायचा, घाट उतरताना सायकल किती जोरात पळते. एका वकिलाचा मुनशी सांगे, की त्याची टोपी माथ्यावर उडाली, तो खाली उतरून पाणी प्यायला, तेव्हा टोपी वरून येऊन डोक्यावर बसली. मी सांगे, की मी माथ्यावर घंटी वाजवली आणि ती पायथ्याशी पोचल्यावर ऐकली. दादा कोपऱ्यात बशीतल्या चहावर फुंकर घालत बसलेले असत.

"काय दादा, तुम्ही कधी उतरणार माणसासारखे?" मुनशी डिवचायचा.

"सावकाश गेलं तं समन्स काय विटून जाते?" दादा विचारायचे. "ज्याच्या नावाचं हाय, तो तं म्हणते आनखी सावकाश या."

त्या साली माझी बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी होती, घाटाखाली. एक दिवस सकाळीच सासऱ्यांचा गडी धापा टाकत कचेरीत आला. मूल आडवं आलं होतं. सुईणीनं हात टेकले होते. दवाखान्यातलं माणूस आत्ताच्या आत्ता पाहिजे होतं.

मी दवाखान्यात धावलो. डॉक्टर दौऱ्यावर. नर्सबाई होत्या, पुण्याकडच्या, अंगानं चांगल्या भरदार, आणि आमचं बोलणं ऐकून नाक मुरडणाऱ्या. पण त्या दिवशी त्यांनी एक प्रश्न विचारला नाही. पिशवी उचलली आणि बाहेर आल्या. बाहेर काय? पेट्रोल रेशनवर, म्हणून उतारूंच्या सर्व्हिस मोटारीला मागे कोळशाच्या गॅसचा बंब लावलेला, आणि तो बंब त्या दिवशी काही केल्या पेटेना. ड्रायव्हर त्याला शिव्या देऊन दमला होता.

तेवढ्यात समोरून दादा सायकल हातात धरून येताना दिसले. मी काय बोललो ते आठवत नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, मांगं बसा."

सपाटीवर मी सायकलीमागे पळत होतो. घाटमाथ्यावर दादा थांबले. नेहमीसारखा कोयता काढला, नेहमीसारखी फांदी बांधली.

"अहो, हे काय?" बाई म्हणाल्या. "सायकल आहे की लग्नाचा मांडव?"

"बिरेक हाय, बाई."

पण बाईंचं वजन पडल्यावर त्या फांदीचं काही चालेना. सायकल फांदीलाच ओढून नेऊ लागली. दादांनी दोन्ही पाय रोवून कशीबशी थांबवली आणि माझ्याकडे पाहिलं. "बाबूसाहेब, बसा."

"कुठं?"

"फांदीवर."

बसलो. अशा रीतीनं मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारचा एक कारकून ब्रेक म्हणून घाट उतरू लागला. मी रस्त्याचा इतका भाग बरोबर घेतला, की माझं धोतर झटकलं तर आणखी एक फर्लांग रस्ता तयार झाला असता. पुढून दादांची आरोळी चालूच होती, "सरका हो सरका!" सरकायला रस्त्यावर एक सरडा होता, तोही बसल्या जागी आमच्याकडे बघत राहिला.

"आणखी सावकाश जायचं असेल तर सांगा," बाई म्हणाल्या, "मी चालत जाते."

शेवटच्या मोठ्या वळणावर समोरून एक माणूस घाट चढताना दिसला. माझे सासरे. बैलगाडीशिवाय शेतातसुद्धा न जाणारा हा माणूस, डोक्याला फेटा नाही, पायात जोडा नाही. आम्हाला पाहून ते मटकन खाली बसले. नुसता हात हलवत होते, चला, चला.

इथून पुढे मी तिळभरही वाढवून सांगत नाही.

दादांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग खाली, उताराकडे पाहिलं. तिथून गावापर्यंत रस्ता सरळ घसरत जातो.

"बाई, मले घट्ट धरा," ते म्हणाले. कोयता निघाला आणि दोरीवर पडला.

मी फांदीवर तसाच बसलेला, आणि सायकल गेली. धुराळा नाही, खरखर नाही. बाईंचा पदर मागे ताठ उभा राहिला होता, तेवढा मला दिसला. खरोखर ब्रेक नव्हता त्या वेळी दादांच्या तोंडून आरोळी निघाली नाही. ओरडत होत्या त्या बाई, आणि पुण्याचं सगळं विसरून ओरडत होत्या, "सरका बे! सरका बे!"

सासऱ्यांना हाताला धरून मी खाली पोचलो तेव्हा पाटलांची कडब्याची गंजी मधोमध फाटलेली होती. आत सायकल होती. सायकलीशेजारी दादा बसले होते, हातात सायकलीचं हँडल, एकटंच.

"बाई?" मी विचारलं.

त्यांनी घराकडे बोट केलं. तेवढ्यात आतून रडण्याचा आवाज आला, बारीक आणि रागावलेला. थोड्या वेळानं बाई ओसरीवर आल्या. त्यांच्या केसांत कडबा होता. "मुलगी आहे," त्या म्हणाल्या. "दोघी नीट आहेत. तुमच्या त्या बेलीफांना कोणी पाणी द्या. आणखी उशीर झाला असता तर मी येऊन काही उपयोग नव्हता."

मी दादांच्या पायांवर डोकं ठेवायला वाकलो. त्यांनी पाय मागे घेतले. "काऊन लाजवता, बाबूसाहेब? तुमचं धोतर पाहा आधी."

पुढल्या आठवड्यात ते पुन्हा घाट उतरले. फांदी बांधूनच. मुनशीनं एकदाही त्यांना डिवचलं नाही.

नोकरी संपल्यावर दादा डोणगावकडे आपल्या गावी गेले, आणि तिथंच एका उन्हाळ्यात वारले. मला उशिरा कळलं. त्या दिवशी मुलगी मला जेवायला वाढत होती आणि मी तिच्या हातांकडेच बघत होतो. हे हात मला कोणी आणून दिले, तेच सारखं मनात येत होतं.

गावी जायच्या आधी दादा आमच्या घरी जेवायला आले होते. मुलगी तेव्हा शाळेत जाऊ लागली होती. माझ्या तोंडून ही गोष्ट तिनं इतक्या परींनी ऐकली होती, की तिचा माझ्यावरचा विश्वास पार उडाला होता. दादांना ती वाढायला आली आणि भाकरी हातात तशीच धरून तिनं विचारलं, "दादाजी, तुम्ही खरं सांगा. त्या दिवशी सायकल किती जोरात आली होती?"

दादांनी घास खाली ठेवला. "मले काऊन इचारतं वं, माय?" ते म्हणाले. "माहे तं डोये मिटेल होते."