चादरीचं दुसरं टोक

साबणाचा वास आला की काळेवाडीच्या आमच्या घराच्या गच्चीवर आम्ही दोघांनी मिळून पिळलेली शेवटची चादर आठवते. एक टोक बायकोच्या हातात, एक माझ्या. "जोर लावा की! कंपनीत काय नुसतं हजेरीचं कार्ड पंच मारायला जात व्हता?" असं म्हणून ती हसली होती. त्याच आठवड्यात ती गेली. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी साबणाचा सर्व्हे करणारी एक पोरगी मोबाईल घेऊन दारात आली. "काका, घरात कपडे कोण धुतं? पत्नी, सून की मोलकरीण?" मी म्हणालो, "मी." "तो पर्याय नाहीये काका, आणि एक निवडल्याशिवाय पुढचा प्रश्न येत नाही. पत्नी टाकू?" माझं टाळकंच सरकलं. "अगं, ती मेली! मेल्यावरबी तिलाच धुवायला लावता व्हय? आन् मी घरात माणूस न्हाई? कुणी लिवला हा प्रश्न? त्याला आण हितं!" पोरगी "सॉरी काका" म्हणत जिना उतरली. प्रश्न तिचा नव्हता, पण शिव्या तिनंच खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तीच चादर धुतली, तिचं एक टोक गच्चीवरच्या नळाला बांधलं आणि दुसरं धरून एकट्यानं पिळली.