मासवडीचं पथ्य

आमच्या घरात मासवडी बंद झाली ती माझ्यामुळे. पावणे आले, यात्रा आली, तरी आमच्या चुलीवर बेसन शिजवायचं नाही, असा आईने नियमच करून टाकला होता. बोरी बुद्रुकमध्ये मासवडीशिवाय पावण्यांना जेवू घालणारं घर म्हणजे जरा हलकंच. पण आईने तेही सोसलं. मला आजार होता ना!

कसला आजार, ते सांगते. पण त्याआधी एक दुपार सांगायला हवी, कारण आजार आणि पथ्य यांचं मूळ तिथेच आहे.

नव्वदच्या दशकाचा शेवट चालला होता. मी सतरा वर्षांची होते आणि घरादाराच्या दृष्टीने मुलगा होते. मिसरूड फुटलेला, आवाज घोगरा झालेला, कांद्याची गोणी उचलू शकणारा मुलगा. पण मासवडी वळायला आईला माझाच हात लागायचा. पाटावर ओलं फडकं पसरायचं, शिजलेलं बेसन गरम असतानाच पाण्याच्या हाताने त्यावर थापायचं, मध्ये तीळ-खोबऱ्या-लसणाचं सारण भरायचं आणि फडक्याचं टोक उचलत उचलत गुंडाळी करत न्यायची. एकीने फडकं धरायचं, दुसरीने वडी दाबत जायची. घाई केली की वडी फाटते.

लहानपणापासून मला एक स्वप्न पडायचं. तसं त्यात काही घडत नसे. मी कालव्याच्या कडेने चालते आहे, पाठीवर वेणी आहे, पश्चिमेचे डोंगर धुक्यात तरंगताहेत आणि पाणी माझ्या बरोबरीने हळूहळू सरकतं आहे, एवढंच. स्वप्नात मी मुलगी असायचे आणि त्याचं कुणाला काही वाटत नसे. काठावर बसलेल्या म्हशीलासुद्धा नाही. जाग आली की मात्र दुसऱ्याच कुणाचे कपडे घालून झोपल्यासारखं व्हायचं, आणि ते कपडे मला काढता यायचे नाहीत. मग मी डोळे मिटून पुन्हा कालव्यावर जायची धडपड करायचे. कधी जमायचं, बहुतेक वेळा आईची हाक यायची.

त्या दुपारी, का कोण जाणे, फडक्याचं टोक धरल्या धरल्या मी ते स्वप्न आईला सांगून टाकलं. आणि म्हणाले, “आई, सपनात हाय तीच मी खरी हाय. मी पोरगीच हाय.”

आईच्या हातून वडी दबली आणि मधोमध फाटली. सारण पाटावर सांडलं. ती कितीतरी वेळ ते नुसतं गोळा करत राहिली.

दादांना, म्हणजे वडिलांना, संध्याकाळी कळलं. त्यांनी मला गोठ्यात नेऊन मारलं. आधी हाताने, मग बैलाच्या कासऱ्याने. दादा मुळात मारकुटे नव्हते. बैल विकायला बेल्ह्याच्या बाजारात गेले तरी गिऱ्हाइकाला बैलाच्या खोडी आधी सांगून मोकळे होणारे सरळ गृहस्थ. पण या खोडीचं काय करायचं ते त्यांना कळेना. पुढचे काही आठवडे ते दिसले की मी मागच्या दाराने सटकायचे. शेवटी आईच्या भावाने पुण्यातल्या एका मानसोपचाराच्या डॉक्टरांचं नाव काढलं आणि आम्ही तिघं एसटीने पुण्याला गेलो.

डॉक्टर घाईत होते. मला दहा-बारा प्रश्न विचारले, कपाळावरून हात फिरवला आणि दादांना म्हणाले, “हा मनाचा आजार आहे. पुस्तकात याला नाव आहे. मुलाची काही चूक नाही.”

मला ते वाक्य अजून ऐकू येतं. दादा खुर्चीत एकदम सैल पडले. “आजार व्हय,” असं ते दोनदा म्हणाले. परतीच्या एसटीत राजगुरुनगर आलं तेव्हा ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, “बैल लंगडला म्हणून त्याला कोणी मारतं का?” त्यानंतर त्यांनी माझ्यावर कधीही हात उगारला नाही. त्या डॉक्टरांचं मी काही देणं लागत असेन तर ते एवढंच, आणि ते थोडं नाही.

आईचं दुखणं वेगळंच होतं. निघताना तिने डॉक्टरांना विचारलं होतं, “पथ्य काय पाळायचं?” डॉक्टर हसले. म्हणाले, “काही नाही, सगळं खाऊ द्या.” आईचा त्यावर विश्वासच बसला नाही. ज्याला पथ्य नाही असला आजार तिने जन्मात पाहिला नव्हता. एक तर डॉक्टरला कळलेलं नाही, नाहीतर आजार हाताबाहेर गेलाय म्हणून तो सगळं खाऊ द्या म्हणतोय, असे दोनच अर्थ तिला दिसत होते. म्हणून पथ्य तिने स्वतःच ठरवलं. वांगं बंद. आंबट बंद. आणि हरभऱ्याची डाळ वातूळ, म्हणून बेसन बंद. बेसन बंद म्हणजे मासवडी बंद. शिवाय ते सगळं निघालं होतं मासवडीवरूनच. तिने हे बोलून दाखवलं नाही, पण मला कळत होतं.

आता आजारी माणूस घरात आहे म्हटल्यावर गाव भेटायला येणारच. बायका केळी आणि बिस्किटांचे पुडे घेऊन यायच्या. मी ठणठणीत, बाहेर गुरांना पाणी पाजत असायचे. आई मला हाक मारून गोधडीवर झोपवायची. “डोक्यात ताप गेलाय त्याच्या,” ती सांगायची. बायका माझ्या पायांवरून हात फिरवून म्हणायच्या, “व्हईल बरं, लेकरा. लई इचार करू नको.” मला हसूही यायचं आणि रडूही. इतक्या मायेने आजवर मला कुणी हात लावला नव्हता, आणि तो लावला होता मी नसलेल्या कुणाला तरी. बिस्किटं मात्र मीच खायचे.

डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांनी झोप फार यायची. दुपारी मी कांदे साठवायच्या रिकाम्या बराकीत जाऊन पडायचे. बराकीच्या भिंती म्हणजे लाकडी पट्ट्या. त्यांच्या फटींतून ऊन आत यायचं आणि अंगावर पट्टे उमटायचे. कांद्याच्या पापुद्र्यांचा ढीग वाऱ्याने हलायचा, गुलाबी, पातळ, आवाज न करता. झोप आणि जाग यांच्यात कुठेतरी मी तासन् तास असायचे. कालवा तिथेच यायचा, बराकीच्या आत. पाणी पट्ट्यापट्ट्यांनी वाहायचं. माझी वेणी असायची. खरं सांगायचं तर मी तेव्हा सुखात होते. आजारी माणसाला कुणी काम सांगत नाही, कुणी लग्नाचं विचारत नाही, तो एकटा हसला तरी कुणी मारत नाही. तो आजार म्हणजे माझ्या डोक्यावरचं छप्पर होतं.

पण छपराखाली कायमचं आडवं पडून राहता येत नाही. आजार म्हटला की तो बरा झाला पाहिजे. रोज सकाळी आई माझ्या तोंडाकडे बघायची, जसं तापलेल्या मुलाकडे बघतात तसं, आणि विचारायची, “पडला का काही फरक?” तिच्या डोळ्यांतली ती आशा मला बघवत नसे. मी म्हणायचे, “थोडा.” मग तिचा दिवस चांगला जायचा. तिचा एक-एक दिवस चांगला जावा म्हणून मी रोज थोडी थोडी पुसली जात होते. शेवटी बेल्ह्याची आत्या, दादांची थोरली बहीण, येऊन म्हणाली, “लगीन लावा पोराचं. निम्मा आजार तिथंच जाईल.” तिने मुलगीही बघून ठेवली होती. त्या मुलीचा विचार मनात आला आणि मी गोळ्या बंद केल्या. कामाचं निमित्त काढलं आणि पुणे गाठलं.

पुण्यात चष्म्याच्या दुकानात काम मिळालं. काचा पुसायच्या, फ्रेम बसवून द्यायची. तिथे केस वाढवले. हळूहळू कपडे बदलले. मालकाने आधी कुरकुर केली, मग माझ्या हाताला सफाई आहे हे बघून गप्प बसला. बघता बघता दोन हजार साल मागे पडलं. मी दुसऱ्या एका डॉक्टरांकडे जाऊ लागले. त्या बाई होत्या आणि त्यांच्याकडे वेळ होता. मी त्यांना सरळ विचारलं, “हा आजार आहे का?”

त्या म्हणाल्या, “पुस्तकात अजून आजारांतच आहे. काढून टाका म्हणणारे डॉक्टर आहेत, ठेवा म्हणणारेही आहेत. पूर्वी एक-दोन गोष्टी अशाच काढल्या गेल्यात.”

“म्हणजे एखाद्या सकाळी काढलं, तर मी त्या सकाळी बरी होणार?”

त्या हसल्या. वर त्यांनी आणखी एक गुंता दाखवला. मला ऑपरेशन हवं होतं, आणि आजार असल्याचा दाखला असल्याशिवाय ते करायला कुणी तयार नव्हतं. म्हणजे आजारी नाही म्हणावं तर इलाज नाही, आणि इलाज हवा तर वेडी ठरा. मला राग आला. दुकानात रोज माणसं यायची, नंबर काढायची, चष्मा लावून लख्ख बघत निघून जायची. त्यांनाही मदत लागत होती, पण तेवढ्यावरून त्यांना कुणी आजारी म्हणत नव्हतं. माझं दुःख खरं होतं, ते मी नाकारत नाही. आरशासमोर मी कितीदा रडले आहे. पण ते दुःख होतं देहाचं आणि लोकांचं. माझ्या मुलगीपणात काहीही बिघडलेलं नव्हतं. तरी दाखला मी घेतला. गरजेपुरता आजार घेतला म्हणा ना.

मग गावच्या यात्रेला मी घरी गेले. सलवार-कमीज घालून, वेणी घालून. इतक्या वर्षांत आई-दादा पुण्याला येऊन मला दोनदा बघून गेले होते, पण गावाने बघितलेलं नव्हतं. नारायणगावच्या स्टँडवर एसटीत चढले तर कंडक्टर म्हणाला, “ताई, पुढं सरका,” आणि मी त्या गर्दीत उगीचच हसत उभी राहिले. खिडकीबाहेर कालवा दिसला. तोच, संथ. काठावर म्हैसही होती. क्षणभर मला कळेना की मी जागी आहे की बराकीत पडले आहे.

ओट्यावर दादा पावण्यांबरोबर बसले होते. मला बघून ते उठले, माझ्या हातातली पिशवी घेतली आणि आत नेऊन ठेवली. पावणे खालमानेने तंबाखू मळत राहिले. स्वयंपाकघरात बायका होत्या आणि मध्ये आत्या.

आत्याने मला खालून वरपर्यंत न्याहाळलं. तिच्या मनात वाईट नसावं, पण आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असाच होता. “आगं बया! एवढी वर्सं औषधपाणी केलं, अन् गुण न्हाईच आला का पोराला?”

मी आईकडे बघितलं. ती आता काय म्हणेल? “थोडा फरक हाय,” असं म्हणेल का? ती तसं म्हणाली असती तर मी परत फिरले असते, आणि पुन्हा आले असते की नाही कोण जाणे.

चुलीवर पातेलं होतं आणि त्यातून बेसनाचा वास येत होता. ते माझ्या तेव्हा लक्षात आलं. आईने बादलीतलं फडकं काढलं, पिळलं आणि एक टोक माझ्यापुढे धरलं. “पकड. नीट ताणून धर, लई दिसांनी करतोय आपण.”

मी पाटाशी बसले. तिने बेसन थापलं, मी सारण भरलं. दोघींनी मिळून गुंडाळी पुढे नेली. या वेळी वडी फाटली नाही.

जेवायला बसल्यावर तिने पहिल्या वड्या माझ्या ताटात वाढल्या, वर काळा रस्सा घातला.

“आगं, त्याला पथ्य व्हतं ना बेसनाचं?” आत्या म्हणाली.

“पथ्य आजाऱ्याला असतं, वन्सं,” आई म्हणाली आणि पुढच्या ताटाकडे वळली.

मी जेवले. किती जेवले ते विचारू नका. बेसन जरा खाली लागलं होतं, आईची सवय मोडली होती ना! इतक्या वर्षांनी खाल्ल्यामुळे संध्याकाळपर्यंत माझ्या पोटात मुरडा येऊ लागला. मला ओट्याच्या कोपऱ्यात पोट दाबून बसलेलं आईने बघितलं आणि विचारलं, “काय व्हतंय गं?”

“काही नाही,” मी म्हणाले. पुन्हा पथ्य सुरू झालेलं मला परवडणार नव्हतं.